भूकंपानंतरची बाळंतपणं

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती पोचवून माणसं उशिरा अंथरुणाला टेकलेली. पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, पेठसांगवी, तळणी अशी गावं मिनिटभरात ढिगारा झाली. सरकारी मोजणीप्रमाणे आठ हजारांच्या घरात माणसं गेली, त्याच्या दुप्पट जखमी झाली आणि बावन्न गावं उचलून नव्या जागी वसवावी लागली. हे आकडे महाराष्ट्राला पाठ आहेत. त्यांच्या शेजारी आणखी एक हिशेब मांडायला हवा होता, तो तेव्हा मांडला गेला नाही आणि आजही आपण मांडत नाही.

त्या काळी राज्याचा जन्मदर हजारी पंचवीसच्या आसपास होता. म्हणजे एक लाख वस्तीच्या टापूत वर्षाला अडीच हजार बाळंतपणं, दिवसाला सात. कुठल्याही एका दिवशी त्या टापूत अठराशेवर बायका पोटुशी असणार. जगभरचा अनुभव असा की दर शंभर गरोदरपणांत पंधरा तरी अडतात. कुणाला रक्तस्राव होतो, कुणाचा रक्तदाब चढून झटके येतात, कुणाचं मूल आडवं असतं. याचा अर्थ, जमीन हादरली त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तेराव्याला आणि पुढं वर्षभर, त्या लाखभर वस्तीत रोज सात बायकांना कळा येणार होत्या आणि त्यातल्या एकीला तरी तज्ज्ञ हात, रक्ताची पिशवी आणि शस्त्रक्रियेचं टेबल लागणार होतं. हे भाकीत नाही, साधा गुणाकार आहे. घर पडलेल्या माणसाला तंबूत सहा महिने काढायला सांगता येतं, पीक बुडालेल्याला पुढच्या हंगामाचा धीर देता येतो. नववा महिना लागलेल्या बाईला थांब म्हणता येत नाही.

असं असूनही आपत्तीनंतरच्या आराखड्यात माता आणि बाळांची आरोग्यसेवा येते ती बांधकामाच्या सदरात. पडलेली उपकेंद्रं इतकी, दुरुस्तीयोग्य इतकी, अंदाजित खर्च इतका. माझं म्हणणं असं आहे की ही सेवा मुळात इमारतीत राहत नाही. ती काही माणसांच्या ओळखीत, एका वहीत आणि गावापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतच्या वाटेत राहते. पुनर्बांधणीचा पहिला रुपया तिथं पडायला हवा. भिंती नंतर बांधाव्यात, पण भक्कम बांधाव्यात.

किल्लारीकडं याच नजरेनं पुन्हा पाहू. एस. परशुरामन यांनी या भूकंपाचा अभ्यास केला, त्यात मृतांमध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त असल्याची नोंद आहे. जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर मातीचा थर दिलेली जड माळवदं. रानात, अंगणात, देवळाच्या ओट्यावर झोपण्याची मुभा पुरुषांना होती. बायका आणि लेकरं आतल्या घरात होती. बाळंतीण तर सगळ्यात आतल्या, वारा न लागणाऱ्या खोलीत. जी खोली एरवी तिच्या सुरक्षिततेसाठी राखलेली, तीच अशा घरात सगळ्यात धोक्याची.

मग नवी गावं उभी राहिली. जागतिक बँकेच्या मदतीनं राबवलेला तो कार्यक्रम तेव्हाच्या मानानं फार मोठा होता, आणि त्यात पुष्कळ काही चांगलं झालं, हे आधी कबूल केलं पाहिजे. जमिनीच्या धारणेप्रमाणे घरं मिळाली: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना अडीचशे चौरस फूट, त्यावरच्यांना साडेचारशे, सात हेक्टरांहून जास्त असणाऱ्यांना साडेसातशे. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते आणि जुन्या गावठाणाच्या कित्येक पट पसरलेलं नवं गाव. भूकंपाच्या भीतीनं सैलावलेली ती आखणी आराखड्याच्या कागदावर सुबक दिसते.

आता त्या अडीचशे चौरस फुटांत एक बाळंतीण ठेवून पाहा. एक खोली, एक स्वयंपाकाचा कोपरा. सासरा, नवरा, दीर, आधीचं लेकरू. बाज टाकायची कुठं, शेगडी ठेवायची कुठं, अंगाला तेल लावून न्हाऊ घालायचं कुठं? मूल छातीशी घ्यायचं तर पाठ फिरवून, पदर ओढून, माणसांच्या येण्याजाण्यात. आणि रात्री अंगावरून जास्त जायला लागलं तर हाक कुणाला मारायची? जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती, हाक चार घरं ऐकत होती, दोन गल्ल्या सोडून सुईण होती. नव्या गावात घराचा आकार जमिनीवर ठरला, तेव्हा कित्येक ठिकाणी भावकी आणि शेजार विखुरला. उपकेंद्राची इमारत नवी असली, तरी अंधारात तिथवर ओल्या बाळंतिणीला कोण नेणार, याचं उत्तर नकाशात नव्हतं. गावाची आखणी हा मातेच्या आरोग्याचाच प्रश्न आहे. पुनर्वसनाच्या नकाशावर सही होण्याआधी तो गावातल्या सुईणीला, नर्सबाईंना आणि चार लेकुरवाळ्यांना दाखवावा, ही मागणी मला मुळीच अवाजवी वाटत नाही.

बायकांना विचारलं की काय होतं, याचा पुरावा त्याच भूकंपातून मिळाला. ज्या गावांचं स्थलांतर झालं नाही, तिथल्या लाखोंच्या संख्येतल्या घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांची बांधणी केली. सरकारी योजना घरात समजावून सांगायची आणि घरातली अडचण सरकारला ऐकवायची, असं दुहेरी काम. त्यातल्या बायका पुढं गुजरातच्या भूकंपग्रस्तांकडं गेल्या, त्सुनामीनंतर तामिळनाडूत गेल्या, अनुभव सांगून आल्या. आरोग्याच्या बाबतीत तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं हीच वाट धरली. गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. सास्तूरला भूकंपानंतर उभं राहिलेलं, सरकार आणि संस्था यांच्या भागीदारीत चालणारं 'स्पर्श' ग्रामीण रुग्णालय आजही त्या परिसरातल्या बाळंतपणांचा मोठा आधार आहे. या सगळ्यांत समान धागा एकच दिसतो: मदत ओसरल्यावरही तिथं राहिलेली माणसं. इमारती तर सगळीकडंच झाल्या होत्या.

इथं कुणी म्हणेल, की १९९३ आणि आज यांत फार फरक पडला आहे. पडला आहे, आणि तो फरक माझ्या म्हणण्याला बळच देतो. तेव्हा राज्यातली निम्म्याहून अधिक बाळंतपणं घरी होत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली जवळपास पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसतं. जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, १०८ची गाडी आली. २०१८-२०च्या मोजणीत राज्याचा माता मृत्यूदर लाख जन्मांमागं तेहतीसवर आला होता. ही कमाई फार मोठी आहे. घरी, मळक्या चादरीवर, विळ्यानं नाळ कापण्याचे दिवस परत यावेत असं कुणीही म्हणणार नाही. सुईणीच्या आठवणीनं गहिवरणाऱ्यांनी त्या काळात दगावलेल्या बायकांचीही आठवण ठेवावी.

पण या कमाईच्या पोटात एक नवा धोका आहे. सुईणींची पिढी संपली. तिच्या जागी आपण इमारत, रस्ता, गाडी, वीज आणि मोबाइलचं जाळं अशी साखळी उभी केली. यातली एक कडी तुटली की सगळं थांबतं. भूकंपात सुईण वाचली असती तर तिनं झाडाखालीही बाळंतपण केलं असतं. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात पाणी शिरलं, रस्ता बंद झाला, टॉवर पडला, तर कळा देणाऱ्या बाईजवळ मागचं काहीच उरत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा फुगल्या, पुणे-बंगळूर महामार्ग दिवसेंदिवस बंद राहिला, कोल्हापूरसारखं शहर तुटलं. शिरोळ तालुक्यातल्या गावागावांतून लोक नावेनं बाहेर पडत होते. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला तशीच एक नाव उलटली आणि बायकापोरं बुडाली. गडचिरोलीत तर हे दरसालचं आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. २०२४च्या जुलैत त्या तालुक्यात रस्ता वाहून गेल्यावर एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नाल्यापलीकडं न्यावं लागलं. लोखंडी दातांचं ते बकेट, ज्यानं माती उचलायची, त्यात दिवस भरलेली बाई. ज्यांनी नेलं त्यांनी शर्थ केली, त्यांचं कौतुकच आहे. दोष त्या व्यवस्थेचा, जिला त्या बाईची तारीख कित्येक महिने आधीपासून माहीत होती.

तारीख माहीत असते, हाच माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. भूकंप सांगून येत नाही. बाळंतपण सांगून येतं. नर्सबाईंच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक गरोदर बाईचं नाव, शेवटच्या पाळीची तारीख, त्यावरून काढलेली बाळंतपणाची तारीख, हिमोग्लोबिन, रक्तगट, मागचं सिझर, मागचं दगावलेलं मूल, सगळं असतं. जोखमीच्या बाईच्या नावाला लाल खूण असते. आपत्तीच्या पहिल्या तासात जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर धरणाच्या पातळीचा कागद असतो, तसाच येत्या महिनाभरात दिवस भरणाऱ्या बायकांच्या नावांचा कागद असला, तर अर्धं काम तिथंच होतं.

हे कल्पनेतलं बोलत नाही. ओडिशानं करून दाखवलं आहे. १९९९च्या ऑक्टोबरमधल्या महाचक्रीवादळानं त्या राज्यात दहा हजारांच्या आसपास माणसं मारली. त्या धक्क्यातून ते राज्य शिकलं, वर्षानुवर्षं शिकत राहिलं. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये 'दाना' वादळ किनाऱ्याला लागण्याआधी चार हजारांवर गरोदर बायकांना आरोग्य केंद्रांत हलवण्यात आलं, आणि त्यातल्या सुमारे सोळाशे त्या दोन-तीन दिवसांतच बाळंत झाल्या. सोळाशे बाळंतपणं वादळाच्या तोंडावर, पण छताखाली, दिव्याच्या उजेडात, नर्सच्या हाताखाली. त्यासाठी काही नवीन यंत्र लागलं नाही. यादी होती, यादीतल्या बाईचं घर माहीत असलेली आशा होती आणि गाडी वेळेत निघाली. आपल्याकडं आदिवासी भागात 'माहेरघर' योजना आहे: दिवस भरत आले की बाईनं सोबतीला माणूस घेऊन आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत येऊन राहायचं. कल्पना उत्तम आहे. ती कृष्णाकाठच्या पूरग्रस्त तालुक्यांत, कोकणातल्या दरडींच्या गावांत, पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती तरी का नसावी, याचं समाधानकारक कारण मला सापडत नाही.

यादीला आणखी एक पदर आहे, आणि तो खास आपल्या रीतीतून येतो. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात बाई सासरहून निघते, माहेरी जाते. तिची नोंद एका गावात, ती दुसऱ्या गावात. एरवीही या जाण्यायेण्यात कितीतरी बायका नजरेआड होतात. आपत्तीत तर कुणी माहेरी पळतं, कुणी शिबिरात, कुणी पुण्या-मुंबईला नातलगांकडं. कार्ड पुरात गेलेलं असतं. नव्या गावच्या दवाखान्यात तिला विचारतात, रक्तगट काय, इंजेक्शन कधी घेतलं, आणि तिला ते आठवत नाही. ११ मार्च २०११ला जपानच्या इवाते प्रांतात त्सुनामीनं किनाऱ्यावरची गावं धुऊन नेली. रिकुझेनताकाताची नगरपालिका आणि तिथले कागद त्यातच गेले. तरीही त्या भागातल्या गरोदर बायकांचा शोध घेता आला, कारण त्यांच्या नोंदी दूरच्या मोरिओका शहरातल्या वैद्यकीय विद्यापीठात एका समाईक संगणक प्रणालीत ठेवलेल्या होत्या. आपल्याकडंही गरोदर बाईला क्रमांक मिळतो, पोर्टल आहे, माहिती भरली जाते. उणीव आहे ती उलट दिशेच्या प्रवासाची. वर गेलेली माहिती अडचणीच्या दिवशी खाली, अनोळखी गावातल्या नर्सच्या हातात आली पाहिजे. जाळं नसेल त्या दिवसासाठी छापील यादीही हवी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, दर महिन्याला बदललेली.

आणि ही यादी सांभाळणारी बाई? तिचं घरही त्याच पुरात असतं. या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यात मोठा अन्याय इथं होतो. आशा, अंगणवाडीताई, उपकेंद्राच्या सिस्टर या बाहेरून आलेल्या मदतनीस नसतात. त्या त्याच गल्लीत राहतात. त्यांच्याही चुली विझलेल्या, लेकरं भेदरलेली, कुणाचा माणूस गेलेला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी लोक त्यांच्याच दारात येतात आणि साहेबांचा फोनही त्यांनाच येतो: किती गरोदर, किती स्तनदा, किती कुपोषित, तातडीनं कळवा. आशाच्या कमाईचा मोठा भाग कामागणिक मोबदल्याचा. आपत्तीत ती चोवीस तास राबते, पण कागदावर मोजली जाणारी कामं, म्हणजे ठरलेल्या केंद्रात झालेलं बाळंतपण, ठरल्या दिवशीचं लसीकरण, नेमकी त्याच काळात ढासळतात. काम वाढतं आणि पैसा कमी होतो. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५च्या भूकंपात सव्वाचारशेहून अधिक सरकारी आरोग्य संस्था पूर्ण जमीनदोस्त झाल्या. तिथंही गावपातळीवर हाताशी उरल्या त्या १९८८पासून काम करणाऱ्या महिला आरोग्य स्वयंसेविका, ज्या स्वतः बेघर झाल्या होत्या.

म्हणून माझं पहिलं ठाम मागणं असं: आपत्तीग्रस्त भागात सर्वांत आधी ज्यांचं घर, धान्य आणि किमान सहा महिन्यांचा ठरलेला पगार लावून द्यायचा, त्यांत या बायका असाव्यात. ही कुणावर मेहेरबानी नव्हे. एक सिस्टर आठवडाभर स्वतःच्या घरासाठी पंचनाम्याच्या रांगेत उभी राहिली, तर तिच्या वहीतल्या शंभर बायका आठवडाभर उघड्या पडतात. आपला पंचनामा मेलेलं माणूस मोजतो, मेलेलं जनावर मोजतो, पडलेली भिंत फुटा-इंचात मोजतो. जिवंत राहिलेल्या, पोटात जीव वाढवणाऱ्या बाईसाठी त्यात रकाना नाही, आणि तिची काळजी घेणारीसाठीही नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं मदतीचे किमान निकष ठरवले आहेत. शिबिरात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, बालकांना आणि स्तनदा मातांना दूध, गरोदर बायकांच्या सुरक्षित बाळंतपणाची सोय, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण निकष शिबिरापुरते आहेत. शिबिर उठलं की ती बाई कुठल्याच कागदावर राहत नाही.

दूध हा शब्द आला म्हणून सांगतो. मदतीच्या ट्रकमधून दूध पावडरचे डबे आणि बाटल्या येतात. पाठवणाऱ्याचं मन मोठं असतं, यात शंका नाही. पण हे डबे लहान बाळाच्या जिवावर उठू शकतात. २००६च्या मे महिन्यात इंडोनेशियात योग्यकर्ताच्या भूकंपानंतर सहा महिन्यांखालची बाळं असलेल्या दर चार घरांपैकी तीन घरांत दानाचे डबे पोचले होते, आणि असे डबे मिळालेल्या बाळांत जुलाबाचं प्रमाण इतरांच्या दुपटीवर आढळलं. कारण उघड आहे. पाणी गढूळ, भांडं धुवायला जागा नाही, सरपण ओलं, बाटली उकळणार कशी? आणि बाटली तोंडात गेली की बाळ छातीशी कमी ओढतं, मग दूध खरंच कमी होतं. धसक्यानं दूध आटलं, असं आपल्याकडं घरोघरी म्हणतात. धक्क्यानं दूध उतरायला वेळ लागतो हे खरं, पण बाळ पाजत राहिलं की ते पुन्हा येतं. त्यासाठी आईला पोटभर जेवण, भरपूर पाणी, चार जणींचा आडोसा आणि पाठीवर हात ठेवणारी एखादी जाणती बाई लागते. १९९२च्या कायद्यानं आपल्या देशात बाळाच्या दुधाच्या डब्यांचं फुकट वाटप अनाथालयांचा अपवाद सोडून बंद केलेलं आहे, हे मदत गोळा करणाऱ्या मंडळांना माहीतच नसतं. ज्या बाळाची आई दगावली किंवा सापडत नाही, त्याला वरचं दूध लागणारच. ते डॉक्टरांच्या हातून, नोंद ठेवून द्यावं. पण सरसकट डबे वाटणं थांबलं पाहिजे. डब्याऐवजी त्याच ट्रकमधून पडद्याचं कापड, बादल्या, साबण, तूप, गूळ, डिंक, खारीक आणि सुती लुगडी पाठवा.

आतापर्यंत बोललो ते पहिल्या काही महिन्यांचं. खरी कसोटी त्यानंतर लागते, आणि तेव्हा मैदान रिकामं झालेलं असतं. चिलीत २००५ साली तारापाका भागात मोठा भूकंप झाला. त्या वेळी ज्या बायका पहिल्या तिमाहीत होत्या, त्यांची बाळं पुढं कमी वजनाची आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचं प्रमाण वाढल्याचं अभ्यासात दिसलं. म्हणजे हादऱ्याची खूण सहा-सात महिन्यांनी, वजनकाट्यावर उमटली. तोवर बातमी शिळी झालेली असते, वैद्यकीय पथकं परतलेली असतात, आणि ते दोन किलोचं बाळ कुणी भूकंपग्रस्त म्हणून मोजत नाही.

दुसरं त्याहून अवघड. मूल गमावलेलं घर पुन्हा मूल मागतं. त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात पुढची काही वर्षं जन्मदर चढता राहिला. २००१च्या भूकंपानंतर गुजरातमध्येही जन्म वाढले आणि दोन बाळंतपणांतलं अंतर कमी झालं, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या कितीतरी आयांनी आपली सगळी लेकरं समुद्राला दिली, आणि सरकारला नळी पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रिया मोफत करून द्याव्या लागल्या. तो निर्णय माणुसकीचा होता. पण त्यामागं काय काय असू शकतं, हेही पाहावं. पस्तिशी-चाळिशीतली बाई, अंगात रक्त कमी, मनावर दुःखाचा डोंगर, आणि घरच्यांची घाई. अशी गर्भारपणं सगळीच जोखमीची. दवाखान्यावरचा भार पहिल्या महिन्यात असतो त्याहून वेगळा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अधिक अवघड असतो. मूल हवं असणारीला आधार हवा, आणि इतक्यात नको असणारीला नाही म्हणण्याचं बळ व साधन हवं. आपल्या मदतीची रचना याच्या नेमकी उलटी आहे. पहिल्या महिन्यात गर्दी, दुसऱ्या वर्षी शुकशुकाट. त्यामुळं माता-बाल आरोग्याचा आपत्तीनिधी तीन वर्षांचा असावा आणि दर तिमाहीला त्याचा जाब द्यावा लागावा: या भागात किती जन्म झाले, किती कमी वजनाचे, किती आया आणि किती बाळं दगावली, किती बायकांना वेळेत रक्त मिळालं. उद्घाटनांची संख्या हा त्याचा निकष नसावा.

इमारतीचं महत्त्व मी कमी लेखतो आहे, असं वाटू नये. २६ जानेवारी २००१ला भूजचं सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलं. ज्यांनी जखमींना वाचवायचं ते डॉक्टर, परिचारिका आणि आधीच दाखल असलेले रुग्ण स्लॅबखाली गेले. शहरानं त्या दिवशी उघड्या मैदानात दवाखाना मांडला. नंतर तिथं पायाशी हादरे शोषणारी यंत्रणा बसवलेलं नवं रुग्णालय बांधलं गेलं, देशातलं त्या पद्धतीचं पहिलं. तो खर्च पूर्णपणे सार्थ होता. भूकंपप्रवण भागातली प्रत्येक प्रसूतिखोली तशीच भक्कम हवी, आणि पूररेषेच्या आत एकही नको. नदीकाठची स्वस्तातली किंवा दान मिळालेली जागा म्हणून उपकेंद्र तिथंच पुन्हा बांधणं हा गुन्हा मानला पाहिजे. माझं भांडण क्रमाशी आहे. इमारतीला दोन-तीन वर्षं लागतात, निविदा निघतात, ठेकेदार बदलतात. त्या काळात जन्मणारी बाळं कुणाच्या हातात जन्मतात, याचा बंदोबस्त आधी व्हायला हवा. तो तंबूत होऊ शकतो, शाळेच्या खोलीत होऊ शकतो, अट एवढीच की तिथं प्रशिक्षित सिस्टर, स्वच्छ पाणी, उजेड, रक्तस्राव थांबवणारी औषधं, बाळाला ऊब आणि पुढं नेणारी गाडी असावी. बाळाला ऊब द्यायला तर काचेची पेटीच लागते असंही नाही. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवलं, तर वीज नसतानाही ते तगतं.

मराठवाड्यात किल्लारीच्या वेळी जन्मलेली मुलं आता तिशी ओलांडून गेली, त्यांच्या घरात पाळणे हलले. दरम्यान माळीण झालं, तळीये झालं, चिपळूण बुडालं, इर्शाळवाडी गाडली गेली. प्रत्येक वेळी आपण मृतांचा आकडा आणि पक्क्या घरांचा आकडा यांवर बोललो.

येत्या मे महिन्यात, पावसाळ्याआधी, तुमच्या गावच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत उभे राहा आणि एवढं विचारा: जून ते सप्टेंबरात दिवस भरणाऱ्या बायकांची यादी कुणाकडं आहे, रस्ता बंद झाला तर त्यांना कुठं आणि कोण नेणार, त्यांचा रक्तगट तिथं कळणार का, आणि ते काम करणाऱ्या आशाताईंना त्या दिवसांचे पैसे कोण देणार. उत्तर तोंडी मिळालं तर ते लेखी मागा.